डोके दुखते म्हणजे बीपी वाढले का? घरगुती बीपी मशीनचा सविस्तर अभिप्राय

ज्यांच्या घरात रक्तदाबाचा एक तरी रुग्ण आहे आणि डोके दुखू लागले की पहिला संशय बीपीवर घेतला जातो, अशा वाचकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. दंडावर पट्टा बांधून एका बटणावर चालणारे स्वयंचलित बीपी मशीन आम्ही मुख्यतः सासूबाईंसाठी घेतले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, बीपीची गोळी अनेक वर्षांपासून चालू आहे आणि डोकेदुखीची तक्रार त्याहूनही जुनी आहे. मला स्वतःला अर्धशिशीचा त्रास असल्यामुळे मशीनचा उपयोग दोघींनाही होतो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या मशीनची रचना सारखीच असते आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांनाच लागू पडते. माझे मत आधीच सांगते. हे मशीन घेण्याजोगे आहे, परंतु डोके दुखेल तेव्हाच ते कपाटातून बाहेर निघणार असेल, तर त्यापासून फायद्यापेक्षा घबराटच अधिक पदरात पडेल.

असे का म्हणते, ते समजण्यासाठी डोकेदुखी आणि रक्तदाब यांचा संबंध नेमका किती आहे, हे पाहावे लागेल. आपल्याकडे हा संबंध गृहीतच धरला जातो. मान भरून आली, कपाळ ठणकू लागले, डोके जड झाले की "बीपी वाढलं असणार" असे घरातले कोणीतरी म्हणतेच. प्रत्यक्षात सौम्य किंवा मध्यम वाढलेला रक्तदाब सहसा डोके दुखवत नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती 2018 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उच्च रक्तदाबामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे, पण त्यासाठी वरचे बीपी 180 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचे 120 किंवा त्याहून अधिक असावे लागते आणि बीपी उतरल्यावर ती डोकेदुखी थांबावी लागते. 150 किंवा 160 असा आकडा अनेक महिने अंगात मुरलेला असूनही माणसाला काहीही जाणवत नाही, हेच या आजाराचे नेहमीचे रूप आहे.

यामागचे कारण मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे. रक्तदाब वाढला की मेंदूकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आकुंचन पावतात आणि आत पोहोचणाऱ्या रक्ताचा ओघ जवळजवळ स्थिर ठेवतात. ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो, त्यांच्या धमन्या तर आणखी वरच्या आकड्यांनाही सरावतात. मात्र दाब अचानक आणि फार वर गेला, तर ही व्यवस्था कोलमडते, रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, मेंदूला सूज येऊ लागते आणि मग डोकेदुखीबरोबर उलटी, अंधुक दिसणे, भ्रमिष्टासारखे बोलणे अशी लक्षणे दिसतात. ती आणीबाणीची स्थिती असते. रोजच्या डोकेदुखीशी तिची गल्लत करता येत नाही.

नॉर्वेमध्ये बावीस हजारांहून अधिक प्रौढांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वरचे बीपी सुरुवातीला 150 किंवा त्याहून जास्त होते, त्यांच्यात अर्धशिशीखेरीज इतर डोकेदुखीचे प्रमाण 140 पेक्षा कमी बीपी असणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. जास्त रक्तदाबामुळे वेदनेची जाणीवच काहीशी बोथट होत असावी, असे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. त्याहून जुना, 1953 सालचा एक अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. आपल्याला उच्च रक्तदाब आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांनी डोकेदुखीची तक्रार केली, तर ज्यांना आपल्या रक्तदाबाची कल्पनाच नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण सहांमध्ये एक एवढेच होते. आजार माहीत झाल्यावर साध्या डोकेदुखीकडेही आपण किती वेगळ्या नजरेने पाहू लागतो, हे त्यातून दिसते.

तरीही "संबंध नाही" असे सरसकट म्हणून मोकळे होणेही योग्य नाही. रक्तदाबाच्या औषधांच्या 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. या चाचण्यांत सुमारे 24 हजार लोक सहभागी झाले होते आणि औषध घेणाऱ्यांत डोकेदुखीचे प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले होते. यात बीपी उतरल्याचा वाटा किती आणि औषधांच्या स्वतंत्र परिणामाचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही, कारण प्रोप्रॅनोलॉलसारखी काही औषधे रक्तदाब वाढलेला नसतानाही अर्धशिशी टाळण्यासाठी दिली जातात. याउलट अॅम्लोडिपिन या सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या गोळीने काही जणांचे डोके दुखते आणि घोट्यांवर सूज येते. म्हणजे बीपीच्या रुग्णाचे डोके दुखत असेल, तर ते बीपीमुळे, गोळीमुळे किंवा दोन्हींशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच कारणाने दुखत असू शकते. यातले कोणते, हे अंदाजाने ठरवता येत नाही. बीपी आणि डोकेदुखी यांची नोंद शेजारी-शेजारी ठेवली, तरच त्याचा काही पत्ता लागतो आणि घरगुती मशीनचे खरे काम इथे सुरू होते.

आता मशीनविषयी. डब्यात मुख्य यंत्र, दंडाचा पट्टा, चार सेल आणि माहितीपुस्तिका येते. विजेवर चालवण्याचा अॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, पण रोज दोन वेळा मोजूनही सेल बराच काळ पुरतात, त्यामुळे त्याची गरज भासत नाही. पडद्यावरचे आकडे मोठे आणि ठळक आहेत, सासूबाई ते चष्म्याशिवाय वाचतात. पट्टा दंडावर कोपराच्या वळणापासून दोन बोटे वर येईल असा बांधायचा, त्यावरची खूण हाताच्या आतल्या बाजूच्या धमनीवर आणायची आणि नळी तळहाताच्या दिशेने सोडायची. बटण दाबले की मोटर घुमू लागते, पट्टा आवळत जातो आणि हवा सुटू लागल्यावर पडद्यावरचे हृदयाचे चिन्ह ठोक्यागणिक लुकलुकते. डॉक्टर स्टेथोस्कोपने धमनीतला आवाज ऐकतात. हे यंत्र आवाज न ऐकता धमनीच्या स्पंदनांमुळे पट्ट्यातल्या हवेत उठणारे तरंग मोजते आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा गणिताने काढते. म्हणूनच मोजताना हात हलला किंवा बोलणे झाले, तर आकडा बिघडतो. ठोके अनियमित असतील, तर यंत्र तसे चिन्ह दाखवते. अशा रुग्णांनी एका मोजणीवर विसंबू नये आणि ते चिन्ह वारंवार दिसत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त लक्ष पट्ट्याच्या मापाकडे द्यावे, असा माझा आग्रह आहे. बहुतेक यंत्रांबरोबर 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठीचा पट्टा येतो. दुकानदार "सगळ्यांना बसतो" असे सांगतात, पण ते खरे नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि हा फरक किरकोळ नसतो. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीच्या मापाचा पट्टा बांधल्यास वरचे बीपी सुमारे 20 अंकांनी जास्त दिसते, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. शिवणकामाच्या टेपने दंडाच्या मध्यावर घेर मोजून मगच दुकानात जावे आणि गरज असेल तर 42 सेंटिमीटरपर्यंत चालणारा रुंद पट्टा मागावा. डोके दुखत असताना चुकीच्या पट्ट्याने 170 आकडा दाखवला, की घरात जी धावपळ होते, ती या एका काळजीने टळते.

बसण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे आणि इथे आपल्या घरांतली सवय थोडी आड येते. सासूबाईंना जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसणे सोयीचे वाटते. परंतु हात हृदयाच्या पातळीपेक्षा खाली असला की आकडा वाढतो. मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचे बीपी साधारण 4 अंकांनी आणि बाजूला लोंबकळत सोडलेल्या हाताने 6 ते 7 अंकांनी जास्त येते, असे 2024 सालच्या एका चाचणीत दिसले. म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलापाशी पाठ टेकणारी खुर्ची ठरवून ठेवली आहे. पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर, दंडावर कपडा नाही. त्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचे आणि पाच मिनिटे शांत बसायचे. या पाच मिनिटांत फोन आणि दूरदर्शन दोन्ही बंद असतात. माहितीपुस्तिकेत हे सगळे छापलेले आहे, पण अक्षर मुंगीएवढे आहे आणि मराठी मजकूर नाही. ज्या वस्तूचा वापर मुख्यतः वयस्कर माणसे करणार, तिच्याबरोबर मराठीत ठळक छापलेले एक पान देणे कोणत्याही कंपनीला जड नाही आणि हा दोष मला मनापासून खटकतो.

दुसरा दोष पडद्याच्या कडेला असलेल्या रंगीत पट्टीचा. प्रत्येक मोजणीनंतर हिरवा, पिवळा किंवा तांबडा भाग दाखवून यंत्र जणू तिथल्या तिथे निकाल देते. एका आकड्यावरून निकाल लागत नसतो. घरच्या मोजणीत सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, सात दिवस मोजायचे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी पाहायची, अशी डॉक्टरांची सर्वमान्य पद्धत आहे. ती सरासरी 135 आणि 85 किंवा त्याहून वर गेली, तर घरच्या मोजणीनुसार रक्तदाब जास्त मानतात. दवाखान्यातली मर्यादा मात्र 140 आणि 90 आहे. तांबडा रंग पाहून आधीच दुखणाऱ्या डोक्यात काळजीची भर पडते. या मशीनमध्ये दोन व्यक्तींच्या नोंदी स्वतंत्र साठवण्याची आणि शेवटच्या तीन मोजणींची सरासरी दाखवण्याची सोय आहे, ती त्या रंगांपेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

नोंदींसाठी आम्ही साधी शंभर पानी वही वापरतो. तारीख, वेळ, वरचे, खालचे, नाडीचे ठोके आणि शेवटी एक रकाना डोक्याचा: दुखते की नाही, कुठे दुखते, आधी काय घडले. मोजणी ठरलेल्या वेळी होते, डोके दुखत असो वा नसो. या शेवटच्या अटीनेच वहीला अर्थ आला. एका पानावर सासूबाईंच्या नावापुढे "डोकं अजिबात नाही" अशी नोंद आहे आणि आकडा 162 व 94 आहे. त्याच्याच खाली, एकादशीच्या उपवासाला चहा टाळल्यामुळे कपाळ दिवसभर ठणकत होते, त्या संध्याकाळी 128 व 78. चहाची सवय असलेल्या माणसाने तो एकदम बंद केला की डोके दुखते, त्यासाठी बीपीला बोल लावण्याची गरज नसते. पूर्वी डोके शांत असले की "आज गोळी कशाला?" असे त्या म्हणत आणि डोके दुखले की एखादी जास्त घेण्याकडे त्यांचा कल असे. या दोन नोंदी शेजारी-शेजारी पाहिल्यानंतर त्यांनी गोळीची वेळ डोक्यावर सोपवणे बंद केले. मशीनची पूर्ण किंमत माझ्या मते तिथेच वसूल झाली.

माझ्या स्वतःच्या नोंदी वेगळेच सांगतात. अर्धशिशी जोरात असताना एकदा माझा आकडा 148 व 92 आला. अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यावर आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी लागू पडून वेदना ओसरल्यावर तो 118 व 76 झाला. वेदना कोणतीही असो, शरीर तिला ताण समजते, अॅड्रिनॅलिन वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढते. म्हणजे दुखण्यामुळे बीपी वाढले होते, बीपीमुळे दुखणे आले नव्हते. अशा वेळच्या एकट्या आकड्यावरून बीपीची गोळी सुरू करणे किंवा वाढवणे चुकीचे ठरेल. बीपी झटकन उतरवण्यासाठी कॅप्सूल जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत तर डॉक्टरांनी केव्हाच सोडून दिली आहे, कारण दाब एकाएकी घसरून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो.

डोकेदुखीच्या गोळ्यांविषयी मात्र बीपीच्या रुग्णांनी खास सावध राहायला हवे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ आणि पाणी साठते, बीपी वाढते आणि काही बीपीच्या औषधांचा परिणामही कमी होतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे घटक असतात, तेही रक्तवाहिन्या आवळतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस घेण्याची सवय काही महिने चालू राहिली, तर त्या गोळ्याच रोजच्या डोकेदुखीचे कारण बनू शकतात. वहीत घेतलेल्या गोळीचे नाव लिहून ठेवले की डॉक्टरांना हे चक्र लगेच दिसते. सकाळी उठतानाच डोके जड असणे, रात्री मोठ्याने घोरणे आणि गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात न येणे या तीन गोष्टी एकत्र असतील, तर झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. तो विकार डोकेदुखी आणि रक्तदाब या दोन्हींचे सामाईक कारण असू शकतो.

काही प्रसंगी मशीनच्या आकड्यावर विसंबायचेच नसते. आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात उठली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातली शक्ती गेली किंवा एकाएकी दिसेनासे झाले, तर बीपी कितीही असो, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. असे कोणतेही लक्षण नसताना वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 120 च्या पुढे गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे आणि तो तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. त्या आकड्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर वाट पाहू नये. गरोदर स्त्रियांसाठी नियम आणखी कडक आहे. विसाव्या आठवड्यानंतर 140 व 90 एवढे बीपी आणि त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा पोटात वरच्या बाजूला दुखणे ही तातडीची बाब आहे, तिथे "उन्हाने दुखत असेल" असे म्हणून बाम चोळत बसू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही, बीपी उत्तम असले तरी, डॉक्टरांना दाखवावी.

मनगटावरच्या मशीनविषयी अनेक जण विचारतात. ती सुटसुटीत असतात, पण मनगट हृदयाच्या पातळीवर नेमके धरावे लागते आणि वयस्कर माणसांना ते दर वेळी साधत नाही. ज्यांच्या दंडाला कोणताच पट्टा बसत नाही, त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. बीपी सांगणाऱ्या काही घड्याळांना दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे मूळ मशीन तरीही लागतेच. विकत घेताना त्या विशिष्ट मॉडेलची अचूकता आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तपासलेली आहे का, हे स्ट्राइड बीपी या संस्थेच्या खुल्या यादीत पाहता येते.

हे मशीन सर्वांनीच घ्यावे, असेही नाही. काही स्वभावांना दर तासाला मोजल्याशिवाय राहवत नाही, काळजीने आकडा वाढतो आणि वाढलेल्या आकड्याने काळजी. अशांनी घरी न मोजता दवाखान्यातच मोजावे. ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब विनामूल्य मोजून मिळतो. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीला देशातील पाच राज्यांतील 25 जिल्हे होते आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. तिथे तपासणीबरोबर गोळ्या नियमित मिळण्यावर भर दिला गेला, आणि डोके दुखो वा न दुखो, रुग्णाने ठरलेल्या तारखेला येणे हाच त्या कामाचा कणा आहे.

विक्रीनंतरच्या सेवेबाबत एक सूचना. पट्टा आणि नळी हे सर्वांत आधी झिजणारे भाग आहेत. नळीच्या टोकाशी बारीक चीर पडली की हवा गळते आणि यंत्र मोजणीत चूक झाल्याचा संदेश दाखवत राहते. वेगळा पट्टा मिळतो का, किती रुपयांना मिळतो आणि हमीत तो येतो का, हे बिल करण्यापूर्वी विचारून घ्यावे. वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी पडताळून पाहावे आणि त्याच भेटीत वही त्यांच्यासमोर ठेवावी. आमच्या डॉक्टरांनी शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत सासूबाईंची अॅम्लोडिपिनची गोळी बदलली आणि दोन आठवड्यांनी वही घेऊन परत यायला सांगितले.